पंप कोण देणार, ते आधी ठरवा

प्रश्न : आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत. वजन २२ किलो. चार वर्षांचा होता तेव्हापासून त्याला दमा आहे. डॉक्टरांनी बुडेसोनाइडचा १०० मायक्रोग्रॅमचा पंप स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून) रोज सकाळी एक आणि रात्री एक द्यायला सांगितला आहे. धाप लागली तर साल्ब्युटामॉलचा. मी अंबडला एका कंपनीत नोकरी करते. पहिली पाळी असली की पहाटेच निघते, तेव्हा तो झोपलेला असतो. सकाळचा पंप सासूबाईंवर सोपवलाय. त्यांना वाटतं पंपाची सवय लागेल. स्वतःची बीपीची गोळी मात्र त्या कधी चुकवत नाहीत. मिस्टर म्हणतात, पोरगा चांगला खेळतोय, रोज स्टिरॉइड कशाला? मुलगा ‘घेतला’ म्हणून सांगतो आणि घेतलेला नसतो. ऑगस्टमध्ये दोन रात्री दवाखान्यात काढल्या. तेव्हापासून मिस्टरांनी घरी वाफेचं मशीनही आणून ठेवलंय. शाळा सुरू झाली त्या दिवशी, १५ जूनला, २०० पफचा नवा पंप सुरू केला होता. आज १३ सप्टेंबरला त्याच्या मागच्या खिडकीत १२८ आकडा दिसतोय. सासूबाई कोजागिरीला दम्याच्या औषधाची खीर द्यायला त्याला घेऊन जायचं म्हणतात. दिवाळीत आम्ही सगळे दिंडोरीजवळ गावी जाणार, तिथे दर वेळी त्याचा त्रास वाढतो. रोज भांडून मी थकले आहे. घरच्यांना कसं समजावू?
— एक आई

उत्तर :

ताई,

पंपावरचा आकडा तुम्ही लिहून पाठवलात हे फार बरं केलंत. १५ जून ते १३ सप्टेंबर म्हणजे ९० दिवस. रोजचे दोन पफ धरले तर १८० जायला हवे होते आणि खिडकीत २० दिसायला हवे होते. तुमच्या पंपातून गेलेत ७२. म्हणजे दहा डोसांपैकी चारच दिले गेले. त्या चारातलं औषध छातीपर्यंत किती पोचलं, ते वेगळंच. त्याकडे मी पुढे येते.

हा आकडा घरात कुणाच्या तोंडावर मारू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा २००३ सालचा एक अहवाल आहे. वर्षानुवर्षं चालणाऱ्या आजारांत श्रीमंत देशांतसुद्धा सरासरी निम्मेच लोक सांगितल्याप्रमाणे औषध घेतात, असं त्यात म्हटलंय. तुमचं घर काही जगावेगळं नाही. हा आकडा सांगायचा तो तुमच्या डॉक्टरांना. ऑगस्टमध्ये मुलाला भरती करावं लागलं, तेव्हा त्यांनी ‘पंप रोज चालू आहे ना?’ विचारलं असेल आणि तुम्ही ‘हो’ म्हणाला असाल. जवळपास सगळेच आई-बाप म्हणतात आणि बहुतेकांना ते खरंच वाटत असतं. पण मग डॉक्टरांचा समज होतो की पूर्ण डोस मिळूनही मूल आजारी पडलं, आणि ते डोस वाढवतात किंवा जास्त ताकदीचा पंप लिहून देतात. जे औषध अर्धंही दिलं गेलं नाही, ते कमी पडलं असं म्हणता येत नाही. पुढच्या भेटीला पंप हातात घेऊन जा आणि बसल्या बसल्या आकडा दाखवा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. घरच्यांना समजावण्याचं काम तुम्ही अंगावर घेऊ नका, असं मला अगदी मनापासून वाटतं. आजवर डॉक्टरांचं बोलणं ऐकलंय ते तुम्ही एकटीने. घरी येऊन तेच सुनेच्या तोंडून सांगितलं की सासूबाईंना तो हुकूम वाटतो आणि मिस्टरांना तक्रार. औषधाचा विषय बाजूला राहतो, कोणाचं चालतं हा विषय सुरू होतो. पंप देणारी व्यक्ती सासूबाई आहेत, तर डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत त्याच बसायला हव्यात. पुढच्या वेळी सुट्टी टाकून तिघंही जा. नाहीच जमलं तर तुम्ही घरी थांबा आणि त्या दोघांना पाठवा. वेळ घेताना आधीच सांगा, ‘आज तपासणी थोडी कमी चालेल, पण पंप कसा द्यायचा आणि का द्यायचा ते आजींना समजावून सांगा.’ कुटुंबाला बसवून शिकवलं की दम्याच्या मुलांची शाळा कमी बुडते आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात धावणं कमी होतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसून आलेलं आहे. मात्र एकदा सांगून भागत नाही. दर भेटीत थोडं थोडं, परत परत सांगावं लागतं.

डॉक्टरांकडून सगळ्यांच्या कानावर काय पडायला हवं, ते लिहिते. दम्याच्या मुलाच्या श्वासनळ्या आतून सुजलेल्या असतात. मूल पळत असतं, हसत असतं, तेव्हाही ती सूज थोडीफार असतेच, फक्त बाहेरून कळत नाही. त्यावर सर्दीचा विषाणू, धूळ, धूर किंवा गार हवा आली की नळी आवळते, चिकट कफ साठतो आणि छाती घुरघुरायला लागते. साल्ब्युटामॉल आवळलेली नळी काही मिनिटांत सैल करतं. त्याचा परिणाम चार-सहा तास टिकतो, पण सूज त्याने उतरत नाही. ती उतरते बुडेसोनाइड या स्टिरॉइडने, आणि तेही सावकाश. फरक दिसायला काही दिवस जातात, पुरता परिणाम यायला कित्येक आठवडे. बंद केलं की सूजही तशीच हळूहळू परत येते.

सगळी घरं फसतात ती इथेच. पंप सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. आठवडाभरही मूल छान असतं. ‘बघ, नाही दिला तरी काही झालं नाही,’ असं म्हणायला जागा मिळते. मग तीन आठवड्यांनी वर्गात सर्दीची साथ येते, मुलाचं पोट उडायला लागतं आणि बोल लागतो आइस्क्रीमला, नाहीतर पावसात भिजण्याला.

सासूबाईंशी बोलताना त्यांच्या बीपीच्या गोळीपासून सुरुवात करा, म्हणजे डॉक्टरांना करायला सांगा. बीपी मोजलं आणि बरोबर आलं, म्हणून त्या दुसऱ्या दिवशी गोळी सोडतात का? सोडत नाहीत, कारण गोळी चालू आहे म्हणून बीपी बरोबर आलंय हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. नातवाचं खेळणंही तसंच त्या पंपामुळे आहे. इतकं समजलं की ‘सवय लागेल’ ही भीती आपोआप बरीच कमी होते. बुडेसोनाइडचं व्यसन लागत नाही, शरीर त्याची मागणी वाढवत नेत नाही. साल्ब्युटामॉल वरचेवर लागायला लागलं, तर सूज आटोक्यात नाही असा त्याचा अर्थ, आणि तेव्हा डॉक्टरांना लगेच दाखवायचं. तुमच्या सासूबाईंबद्दल वाचताना मला खरं तर आशाच वाटली. जी बाई स्वतःची गोळी एक दिवस चुकवत नाही, तिच्याइतकं भरवशाचं माणूस पंपासाठी शोधून सापडणार नाही.

मिस्टरांच्या मनातली शंका स्टिरॉइडची आहे. ती मूर्खपणाची नाही, त्यांना नीट उत्तर मिळायला हवं. तुमच्या मुलाच्या रोजच्या दोन पफांत मिळून २०० मायक्रोग्रॅम औषध असतं, म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाचवा भाग. धाप वाढली की प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड पोटातून देतात, ते किलोमागे दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम. २२ किलोच्या मुलाला कमीत कमी २२ मिलिग्रॅम रोज. तीन दिवस दिलं तर ६६ मिलिग्रॅम. नुसत्या औषधाच्या वजनाचा हिशेब केला, तर तीन दिवसांच्या त्या एका कोर्समध्ये ३३० दिवसांच्या पंपाइतकं औषध मुलाच्या अंगात जातं. दोन्ही औषधं वेगळी आणि त्यांची ताकदही वेगळी, म्हणून हा हिशेब अगदी काट्यावर तोललेला धरू नका. पण अंतर केवढं आहे, ते कळतं. पंपाचं औषध थेट श्वासनळीत जातं, पोटातलं सगळ्या अंगभर. रोजचं थोडंसं स्टिरॉइड टाळायला गेलं की वर्षातून चार वेळा मोठं स्टिरॉइड घ्यायची वेळ येते.

उंचीचं मी लपवून ठेवणार नाही, कारण मिस्टर मोबाइलवर ते शोधणारच. अमेरिकेतल्या मुलांचा एक मोठा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्या मुलांनी लहानपणी चार ते सहा वर्षं रोज ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड घेतलं होतं. मोठेपणी त्यांची उंची न घेतलेल्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली. हा फरक पहिल्या एक-दोन वर्षांतच पडला, पुढे वाढत गेला नाही. तुमच्या मुलाचा डोस त्याच्या निम्मा आहे. दर भेटीत त्याची उंची मोजून फाइलमध्ये लिहायला सांगा, म्हणजे कुणाला अंदाज बांधत बसावं लागणार नाही. शिवाय दमा आटोक्यात नसला, तर त्यानेही मुलाची वाढ मागे पडते.

याच्यापुढे मिस्टर विचारतील, पंपाऐवजी रोजची गोळी नाही का चालणार? माँटेल्युकास्टची गोळी असते आणि काही मुलांना ती देतातही, पण सूज उतरवण्यात ती पंपाची बरोबरी करत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली तिच्यावर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला आहे. काही मुलांत वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी असे परिणाम दिसले म्हणून. ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी हे वाचून ती परस्पर बंद करू नये. मुलाच्या वागण्यात फरक वाटला तर डॉक्टरांना सांगावं.

वाफेच्या मशीनबद्दल थोडं. मशीन म्हणजे भारी औषध आणि पंप म्हणजे साधं, असं घरोघरी वाटतं. धाप लागल्यावर तेच साल्ब्युटामॉल स्पेसरमधून नीट दिलं, तर ते मशीनइतकंच काम करतं हे मुलांवरच्या अभ्यासांतून चांगलं सिद्ध झालेलं आहे. त्याला वीज लागत नाही आणि प्रवासात पिशवीत राहतं. मशीन घरात आहे तर असू द्या, पण ते आहे म्हणून रोजच्या पंपात ढिलाई नको. अशी ढिलाई मी फार घरांत पाहिली आहे.

आता पंप देण्याच्या पद्धतीकडे येते. माझ्या ओपीडीत मी पालकांना ‘पंप कसा देता?’ असं विचारत नाही. रिकामा स्पेसर हातात देते आणि म्हणते, ‘दाखवा.’ मग काय दिसतं? पंप न हलवताच बसवला जातो. मूल खाली बघत असतं. मास्क गालापासून बोटभर वर राहतो. दोन पफ एकामागोमाग दाबले जातात आणि मुलाने एक श्वास घेतला-न घेतला तोच स्पेसर बाजूला होतो. नळीतला पांढरा धूर तसाच आत फिरत राहतो आणि स्पेसर खाली ठेवल्यावर हवेत विरतो. त्या घरच्यांनी डोस दिलेला असतो, मुलाला मिळालेला नसतो.

सासूबाईंना डॉक्टरांसमोर एकदा सगळं स्वतःच्या हाताने करून दाखवायला सांगा. मूल ताठ बसलेलं किंवा उभं हवं. पंप चांगला हलवायचा, स्पेसरला लावायचा. आठ वर्षांच्या मुलाला मास्कची गरज नसते. नळीचं तोंड ओठांत घट्ट धरता आलं की पुरे, आणि मास्क गेला की ‘मी काय बाळ आहे का’ ही त्याची कुरकुरही जाते. एकदाच दाबायचं. मग सावकाश पाच-सहा श्वास, आजींनी मोठ्याने मोजायचे. धापेच्या वेळी दुसरा पफ द्यायचा असेल, तर अर्धा-एक मिनिट थांबून पंप पुन्हा हलवून द्यायचा. रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची. नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात आणि ‘पंपाने तोंड आलं’ म्हणून तो पुन्हा बंद पडतो. झोपेत किंवा रडत असताना दिलेलं औषध फार थोडं आत जातं. स्पेसर महिन्यातून एक-दोनदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच निथळत ठेवायचा. फडक्याने घासून पुसला की प्लॅस्टिकवर विद्युतभार तयार होतो आणि औषध भिंतीलाच चिकटून बसतं.

एक काम आज रात्रीच करा. दोन्ही पंपांवर पांढरी चिकटपट्टी लावा आणि जाड पेनाने मराठीत लिहा. एकावर ‘रोजचा’, दुसऱ्यावर ‘धापेचा’. कंपनीगणिक रंग बदलतात, वरचं सगळं इंग्रजीत बारीक अक्षरांत असतं. कितीतरी घरांत वर्षभर साल्ब्युटामॉलच रोज दिलं जातं आणि धाप लागल्यावर बुडेसोनाइड हातात येतं.

मग ठरवायचं, कोणता डोस कोणाचा. दोघांवर सोपवलेला डोस कोणीच देत नाही. तुमच्या घरी सकाळचा सासूबाईंचा आणि रात्रीचा तुमचा, असं सरळ वाटून घ्या. तुमची रात्रपाळी असेल तेव्हा मिस्टरांचा. रोजचा पंप सासूबाईंच्या गोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवा. त्यांनी गोळी घ्यायची, नातवाने पंप घ्यायचा आणि लगेच दात घासायला जायचं, म्हणजे चूळही आपोआप भरली जाते. कालनिर्णयवर आपण सिलिंडर लावल्याची तारीख लिहितो ना, तिथेच नव्या पंपाची तारीख लिहा आणि तो संपायची तारीखही आधीच लिहून ठेवा. २०० पफ, रोज दोन, म्हणजे १०० दिवस. दर रविवारी खिडकीतला आकडा त्या चौकोनात टिपायचा. १४ ने कमी झाला की आठवडा पूर्ण. आकडा टिपायचं काम मुलाला द्या. पंप पाण्यात तरंगतो का ते बघून किंवा कानाशी हलवून किती उरलंय ते कळत नाही, तो प्रयोग करू नका.

डॉक्टरांना आणखी एक विचारा. दिवसभराचा डोस एकाच वेळी, रात्री देता येईल का? ज्यांचा दमा सौम्य आणि स्थिर आहे अशा काही मुलांना बुडेसोनाइड दिवसातून एकदा दिलेलं चालतं. तुमच्या मुलाला ऑगस्टमध्येच भरती केलेलं असल्यामुळे आत्ता कदाचित ते नको म्हणतील. पण पुढे जमलं तर तुमची सकाळची निम्मी ओढाताण संपेल. हा बदल स्वतःहून मात्र करू नका.

मुलगा खोटं बोलतो याचं तुम्हाला किती वाईट वाटलं असेल, ते पत्रात दिसतंय. आठ वर्षांच्या मुलाला ‘पंप घेतलास का?’ असं विचारलं की तो ‘हो’च म्हणणार. ‘नाही’ म्हटलं तर ओरडा बसतो. हा प्रश्नच विचारायचा नाही. पंप मोठ्या माणसाने समोर बसून द्यायचा, रोज, अजून काही वर्षं तरी. त्याला पंप हलवणं, आकडा लिहिणं, चिकटपट्टीवर चित्र काढणं अशी कामं द्या. जबाबदारी देऊ नका. बारा-तेरा वर्षांचा झाला की ती थोडी थोडी द्यायची, आणि तेव्हाही लक्ष ठेवूनच.

आणि एकदा शांतपणे त्याला विचारा, तुला नको का वाटतो? पुष्कळदा उत्तर अगदी साधं असतं. चव आवडत नाही. घशात खवखवतं. वर्गातला कोणीतरी ‘दमेकरी’ म्हणून चिडवतो. चिडवण्याचं असेल तर त्याला सांगा, रोजचा पंप घरीच राहतो, शाळेत कोणाला दिसायचं कारण नाही. दप्तरात राहील तो फक्त धापेचा आणि एक छोटा स्पेसर. वर्गशिक्षकांना आणि पीटीच्या सरांना तुम्ही स्वतः भेटून सांगा की याला पळताना धाप लागली तर थांबवून पंप घेऊ द्या. पण खेळातून काढू नका. कडेला बसवलेलं मूल दम्यापेक्षा त्या बसण्यानेच जास्त खचतं.

घरी सगळ्यांना कळेल अशी दम्याची परीक्षा सोपी आहे. गेल्या चार आठवड्यांत दिवसा खोकला किंवा धाप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाली का? रात्री एकदा तरी त्यामुळे जाग आली का? धापेचा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? खेळणं कमी झालं का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर दमा पुरता आटोक्यात नाही, मूल वरून कितीही टवटवीत दिसो. चारही उत्तरं साधारण तीन महिने ‘नाही’ राहिली, तर डॉक्टर स्वतःच डोस कमी करायचा विचार करतात. मिस्टरांना हे नक्की सांगा. पंप जन्मभर याच मात्रेत द्यायचा असं नाही. तो कमी करायची वेळ आणि पद्धत डॉक्टरांनी ठरवायची, एवढंच.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण तो प्रत्येक घरात असतो. बुडेसोनाइड आणि साल्ब्युटामॉल दोन्ही देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, त्यामुळे त्यांच्या किमतीला सरकारी मर्यादा असते. जनऔषधी केंद्रातही एकदा विचारा. दवाखान्यातल्या त्या दोन रात्रींचं बिल मिस्टरांकडे असेलच. त्याच्याशेजारी पंपाची किंमत मांडून बघायला सांगा.

कोजागिरीचं. सासूबाईंचा यात वाईट हेतू काहीच नाही, नातू बरा व्हावा म्हणूनच त्या म्हणतात, तेव्हा त्यांना तोडून बोलू नका. घरच्या आटीव दुधाला आणि खिरीला माझी काही हरकत नाही. हरकत आहे ती त्यात घातलेल्या, नाव-गाव नसलेल्या पुडीला. दम्याच्या अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याच्या नोंदी आहेत. चार दिवस जादू झाल्यासारखं वाटतं ते बहुधा त्यानेच. शिवाय त्या रात्री मुलाला उघड्यावर, थंडीत जागवतात. सगळ्यात मोठा धोका पुढचा आहे. ‘आता औषध झालं’ म्हणून घरचा पंप बंद पडतो, तोही नेमका हवा बदलण्याच्या आणि सर्दी-खोकल्याच्या दिवसांत. मग दिवाळीच्या धुरात मूल अडकतं. सासूबाईंना म्हणा, कोजागिरी घरच्या गच्चीवर करू, नातवाला स्वेटर घालून तासभर बसवू, आणि झोपायच्या आधी त्याचा रात्रीचा पंप तुम्ही तुमच्या हाताने द्या.

धुराचा विषय निघालाच आहे तर घरातलाही बघा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, डासांची एक कॉइल जळून संपेपर्यंत जेवढे सूक्ष्म कण हवेत सोडते तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींतून निघतात, असं आढळलं होतं. कॉइल बंद करा, मच्छरदाणी लावा. उदबत्ती-धूप देवघरात लावायचाच असेल, तर मूल शाळेत असताना आणि खिडकी उघडी ठेवून. घरात कोणी सिगारेट-बिडी ओढत असेल, तर ती गॅलरीत नाही, घराबाहेर आणि शक्य तर कायमची बंद.

आता दिवाळी आणि गाव. न्या त्याला, जरूर न्या. भावंडांत दिवाळी करायचा त्याचा हक्क आहे. तिथे त्रास का वाढतो, त्याची कारणं मला वाटतात ती अशी. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारणी जोरात असते आणि ब्लोअरचा फवारा वाऱ्यावर लांब येतो. गंधकाची धुरळणी तर श्वासनळ्यांना फारच झोंबते. घरात चुलीचा धूर, धान्याच्या कोठीतली धूळ, वर्षभर पेटीत पडलेल्या गोधड्या. पहाटे चांगलीच थंडी. आणि या सगळ्यात पंप सिडकोतल्या डब्याशेजारी राहिलेला असतो, नाहीतर पाहुण्यांच्या गडबडीत विसरला जातो. माझा पहिला संशय याच कारणावर आहे.

म्हणून निघायच्या पंधरा दिवस आधीपासून एकही डोस चुकू देऊ नका. सूज उतरलेली असली की गावची हवाही बरीच सोसते. गोधड्या आधी फोन करून उन्हात टाकायला सांगा. फवारणी चालू असेल त्या वेळी त्याला बागेपासून दूर, घरात ठेवा. फटाके वाजवणाऱ्यांपासून लांब, वाऱ्याच्या उलट्या अंगाला उभं करा. जाण्याआधी डॉक्टरांकडून एका कागदावर मराठीत लिहून घ्या. चांगला असताना काय द्यायचं, सर्दी-खोकला सुरू झाला की काय, धाप लागली की धापेचे किती पफ, किती वेळाने, आणि कधी निघायचं. त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढा, सासूबाईंना आणि गावाकडच्या जावेलाही वाचून दाखवा.

पुढची लक्षणं दिसली तर सकाळ व्हायची वाट बघू नका. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, दम लागून एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल सुस्त पडत असेल, किंवा धापेचा पंप देऊन तीन-चार तासांच्या आत पुन्हा द्यावा लागत असेल, तर लगेच निघायचं. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. वाटेत किती पफ देत राहायचे, ते कागदावर लिहिलेलं असेल. तसे देत राहा आणि किती दिले ते मोजा. दोन्ही पंप, स्पेसर आणि तो कागद सोबत घ्या, आणि पोचल्यावर तिथल्या डॉक्टरांना शेवटचा पफ किती वाजता दिला ते सांगा.